काय जळत होतं?

दिनकर गेल्याची बातमी मला तिसऱ्या माणसाकडून कळली, आणि खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं ते याचंच. मी आळेफाट्यावर रसवंतीच्या बाकड्यावर बसलो होतो. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसानं मोटारसायकल थांबवली आणि म्हणाला, "सर, तुमी अजून हितंच? पुण्याला गेला न्हाई?" मी विचारलं कशाला, तर त्यानं गाडी बंद करून स्टँडवर लावली. मग हळूहळू कळलं. सकाळी कामावर निघताना जिन्यातच दिनकरच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. बोरीत त्याच्या चुलतभावाला फोन आला होता, सरपंचाला आला होता. माझा मोबाइल खिशात होता, चांगला चालू होता, आणि त्यावर कोणाचाही फोन नव्हता. पन्नास वर्षांचा मित्र गेला आणि मी रसाचा पेला हातात धरून कोणाला आधी कळलं याची यादी करत बसलो... असलं स्मृतिलेखात लिहू नये असं बायको म्हणते. मेल्यावर वैर संपतं असंही ती म्हणते. पण आमचं वैर नव्हतंच, असतं तर संपलं असतं. मला त्याचा हेवा वाटायचा आणि तो अजूनही वाटतो.

आम्ही दोघे बोरी बुद्रुकचे, एका वर्गातले. आमची जमीन नदीला लागून, त्याचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्या घरात पोरांनी शिकलंच पाहिजे याबाबत कोणाचं काही चालत नसे. आमच्या घरी शिकलं तर शिकलं, नाहीतर शेत होतंच. त्यामुळे पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत पहिला नंबर दिनकरचा आणि दुसरा माझा. तो पाटीवर नकाशा काढायचा तेव्हा गुरुजी सगळ्यांना पाटी दाखवायचे. मी काढायचो तेव्हा नुसतं "बरं" म्हणायचे. तरी सोबत त्याचीच हवी असायची. पाचवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्टानं त्याच्याबरोबर त्याच्या मामाकडं गेलो होतो, पार पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडे डोंगरात. तिकडं भाताचं रोप टाकण्याआधी त्या वाफ्यावर शेण, टहाळ्या, गवत, पालापाचोळा थरावर थर रचून वर माती पसरतात आणि तो थर पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. मामानं बजावलं होतं तरी मी निवलाय समजून राखेत पाय टाकला आणि तळवा भाजून घेतला. मामीनं कसलासा पाला वाटून लावला, मांडीवर पाय घेऊन बसली, आपल्या हातानं मला भरवलं. त्या घरी जेवलो हे मी आमच्या घरी सांगितलं नाही. पायावरचा डाग मात्र राहिला. या डागाचं पुढं काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मोठेपणी आम्ही दोघांनी आळ्याच्या एकाच शाळेत भूगोलाच्या एकाच जागेसाठी अर्ज केला. मार्क त्याचे जास्त होते. माझे एक चुलते शाळेच्या कमिटीत होते. जागा मला मिळाली. दिनकर मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आला, माझ्या खिशातलं पेन नीट लावून दिलं आणि म्हणाला, "आता फळ्यावर भारत नीट काढ, श्रीलंका इसरू नको." मग तो पुण्याला नकाशे काढणाऱ्या एका संस्थेत लागला, आणि तिथून उपग्रहाच्या कामात शिरला. मी त्याला हरवलं होतं. माझ्या आयुष्यातला तेवढा एक पहिला नंबर. आणि पंधरा-वीस वर्षांत असं झालं की मी त्याच फळ्यावर तोच भारत काढत होतो आणि तो आमचा सगळा तालुका आभाळातून बघत होता. मी हरवलं नसतं तर तो आळ्याच्या शाळेत म्हातारा झाला असता, असं मी मनाशी म्हणायचो. म्हणजे त्याच्या मोठं होण्यातही आपला हात आहे, एवढं तरी समाधान.

नव्वद सालानंतर कधीतरी तो उपग्रहाच्या चित्राची पहिली प्रत गावात घेऊन आला. पारावर पसरली. त्या चित्रांत हिरवं पीक लाल दिसतं, तशीच ती रीत असते. माझे वडील चष्मा पुसून पुसून बघत होते. आमचा नदीकाठचा ऊस म्हणजे तीन-चार लाल ठिपके. वडील घाबरले, म्हणाले, "ऊस लाल का रं? रोग पडला का काय?" दिनकर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसला आणि त्यांना समजेपर्यंत समजावत राहिला. वरून वाकून लोकांची शेतं बघणाऱ्या या यंत्राबद्दल वडिलांनी शेवटी निकाल दिला, "म्हंजी आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." सगळे हसले. वडील त्या दिवशी घरी येऊन दिनकरचंच बोलत होते. मी पंधरा वर्षं भूगोल शिकवत होतो, वडिलांनी मला कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

आमच्या नदीच्या दरडीत पांढरी राख सापडते. आया-बाया ती भांडी घासायला आणायच्या. त्या काळात संशोधक यायला लागले आणि कळलं की ही राख हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या कुठल्या ज्वालामुखीतून उडून आमच्या बोरीत येऊन पडली आहे. एकदा आम्ही दोघे त्या दरडीपाशी उभे होतो तेव्हा मी सहज म्हणालो, की तिकडची राख आपल्याकडं आली, मग आपला धूर कुठं जात असेल? मी म्हणालो. नक्की मीच. त्यानंतर दिनकरच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात या वाक्यानं व्हायला लागली. शाळांत, ग्रामसभेत, पुण्यात इंग्रजीतून सुद्धा. "माझे एक मित्र म्हणतात" असं म्हणायचा, हे कबूल केलं पाहिजे. पण नाव घ्यायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून मनातल्या मनात माझं वाक्य परत मागायचो.

दोन हजार सालानंतर त्याच्या कामाला खरं तोंड फुटलं. कुठंही मोठी आग लागली की तिची ऊब टिपणारे उपग्रह आले होते. रोज वरून जायचे आणि जिथं ऊब सापडेल तिथं नकाशावर ठिपका पडायचा. दिनकरच्या मनात आलं की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून वर्षाकाठी किती कर्ब हवेत जातो, ते या ठिपक्यांवरून काढता येईल. शहराचा धूर सगळे मोजतात, आपला कोण मोजणार, असं त्याचं म्हणणं. पूर्वेला उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, मधे वीटभट्ट्या आणि गुऱ्हाळं, पश्चिमेला डोंगर. पण वरून नुसती ऊब कळते. तिथं काय जळालं हे समजल्याशिवाय कर्ब किती ते काढता येत नाही, म्हणून प्रत्येक ठिपक्याच्या जागी माणसानं जाऊन विचारायला हवं होतं. तो माझ्याकडं आला. आमच्या ओट्यावर बसून त्यानं हे सगळं सांगितलं, आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, "आग अगदी बारीक असली तर? जाळ नाही, धूर नाही, नुसतं आतल्या आत धुमसतंय..." दिनकर माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, "ते उपग्रहाला नाय सापडत राव. त्याला जवळ बसून इचारावं लागतं. पण खरं सांगणारा पायजे." मग चहाचा कप उचलून स्वतः आत ठेवून आला. मी त्या दिवशी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर त्यानं दुसरा कोणी धरला असता आणि मग मला त्याचाही हेवा वाटला असता.

इंग्रजी फॉर्मचं मराठी मीच केलं. वर मोठ्या अक्षरात प्रश्न, 'काय जळत होतं?' खाली चार चौकटी: उसाचं पाचट, जंगलातला वणवा, वीटभट्टी, गुऱ्हाळ. सगळ्यात खाली शेरा लिहायला दोन ओळी. त्या उन्हाळ्यात मी स्कूटरवरून दोन्ही तालुके पालथे घातले. घोडेगावच्या पलीकडं गेलो, मंचरच्या बाजूला गेलो, शेवटी घाटघरला पोचलो. तिथं ठिपकेच ठिपके होते. एका वाफ्याशी चिमाबाई नावाची म्हातारी राख सारखी करत होती. वाफा काळा झालेला, हाताला अजून धग लागत होती. मी कागद काढून विचारलं, "आजी, इथं काय जाळलं?"

"आमी काय जाळत न्हाई," ती म्हणाली.

"मग हे काय?"

"राब भाजलाय. जाळीन कशाला? भाजल्याबिगर रोप येत न्हाई." आणि वर मला म्हणाली, "मास्तर ना तुमी? मग येवढं बी ठावं न्हाई?"

मला ठाऊक होतं. माझ्या तळव्यावर त्याची खूण होती. तिकडं जाळणं म्हणजे नासधूस आणि भाजणं म्हणजे शेतीचं काम, पोळी भाजावी तसं. पुढच्या दहा घरीही मला तेच उत्तर मिळालं, की आम्ही जाळत नाही. माझ्या हातातल्या फॉर्मात राबाला चौकट नव्हती. मी तिथूनच दिनकरला फोन करून सांगायला हवं होतं, की तुझा फॉर्म चुकलाय, रकाना वाढव. किंवा शेऱ्यात 'राब' हा दोन अक्षरी शब्द लिहायचा होता. पण आदल्याच आठवड्यात पेपरात त्याचा मोठा फोटो आला होता, माझ्या राखेच्या वाक्यासकट, आणि त्यानं अजून माझ्या पोटात दुखत होतं. म्हटलं, एवढा आभाळातून बघणारा, बघू दे की त्याचं त्याला. फॉर्मात आहे तेच भरायचं. 'जंगलातला वणवा' या चौकटीत मी खूण केली, आणि शेऱ्याच्या ओळीत वळणदार अक्षरात लिहिलं, 'ग्रामस्थ जाळल्याचे नाकारतात.' शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तर आतून बरं वाटलं. घाटघरचे सगळे फॉर्म मी तसेच भरले.

अहवाल आला तो पुढच्या उन्हाळ्यात. त्यात पश्चिमेकडच्या गावांतून सगळ्यात जास्त वणवे आणि लोक ते नाकारतात, असं छापून आलं. ज्यांचं काम जंगल राखायचं, त्यांच्या हाती तो अहवाल गेला आणि दहा-बारा घरांना नोटिसा निघाल्या. चिमाबाईच्या घरालाही. राब भाजायची मनाई. राब नाही म्हणजे रोप नाही, रोप नाही म्हणजे भात नाही, आणि पाऊस महिन्यावर आलेला. खरं तर त्या सबंध डोंगरातल्या राबापेक्षा आमच्या बोरी-आळ्याकडच्या पाचटाचा धूर जास्त होता. पण पाचट बागायतदारांचं, त्यांना नोटीस कोण देणार? माझ्या मनात होतं ते एवढंच, की दिनकरची चूक निघावी, चार लोकांत त्याची जरा फजिती व्हावी. चिमाबाईच्या ताटातलं काढायचं माझ्या मनात नव्हतं. पण निघालं ते तिच्याच ताटातलं.

जुन्नरला बैठक बोलावली. घाटघरची माणसं गाडी करून आली होती. चिमाबाईनं आत शिरताच मला ओळखलं. "हेच मास्तर आलं व्हतं लिवून घ्यायला. आमी सांगितलं व्हतं यान्ला," असं ती शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जंगल खात्याच्या साहेबांनी विचारलं, ही माहिती कोणी भरली? मी उठणार होतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. मी उठणार नव्हतो. दिनकर उठला. म्हणाला, चूक माझी आहे. फॉर्म मी केला. मी पूर्वेकडचा माणूस, मला राब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला जागाच ठेवली नाही. ज्यांनी माहिती भरली त्यांनी फॉर्मात होतं तेच भरलं. नोटिसा मागे घ्या, अहवाल मी दुरुस्त करून देतो... ज्याचं आजोळ त्या डोंगरात, जो लहानपणी मामाबरोबर राब रचायचा, तो भर सभेत सांगत होता की मला राब ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. बुटाच्या आत माझा तळवा भाजल्यासारखा झाला. आणि लिहायची लाज वाटते, पण त्या क्षणीही मला काय वाटलं असेल? हेवाच. याला हेही जमतं, असं वाटलं.

नंतर आम्ही स्टँडवर चहा प्यायलो. मीच म्हटलं, काय बोलायचं ते बोलून टाक. बशीत चहा ओतत तो म्हणाला, "रंगा, शेऱ्यातलं अक्षर मातर लई देखणं व्हतं." बस एवढंच. थोड्या वेळानं म्हणाला, की पाचवा रकाना वाढवू, राब, आणि प्रश्नही बदलू, 'काय जाळलं किंवा भाजलं?' नोटिसा मागे घेतल्या गेल्या. घाटघरला त्या वर्षी रोप उशिरा का होईना, पडलं. नवा फॉर्म छापून आला तेव्हा त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ होती, 'राब हा रकाना श्री. रंगनाथ सर यांच्या सूचनेवरून.' मी ती ओळ कितीदा वाचली असेल! राखेच्या वाक्याला माझं नाव लावलं नाही आणि जे मी केलंच नाही त्याला लावलं. हा सूड होता की मोठेपणा, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. सूड असता तर मला झोप तरी लागली असती.

पुढं तो रकाना फार नावाजला गेला. डोंगरातली भाजणी आणि रानातली आग यांत फरक करणारं पहिलं काम वगैरे. लोक मला समारंभात बोलवायला लागले, आणि मी जायचो. शाल घ्यायचो. दिनकर समोर बसून टाळ्या वाजवायचा, आणि त्याच्या टाळ्यांचा आवाज मला बाकीच्यांपेक्षा वेगळा ऐकू यायचा. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, त्याच्या कचेरीतल्या एका तरुण बाईंनी भाषण केलं, त्यातही रंगनाथ सरांचा रकाना आलाच. सगळ्यांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. चिमाबाई आता नाही, नाहीतर तिनं तरी खरं सांगितलं असतं. मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं दुःखानं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दिनकरची बायको, शोभावहिनी, बोरीला आल्या. त्यांच्या हातात एक जाडजूड फाईल होती. म्हणाल्या, "भावजी, याच्यावर तुमचं नाव हाय. यांनी कपाटात येगळी ठिवली व्हती. मी उघडली न्हाई." मला वाटलं आत घाटघरचे माझे फॉर्म असणार, आणि ते होतेच. प्रत्येकावर 'वणवा'वरची खूण लाल पेन्सिलीनं काट मारून शेजारी त्याच्या अक्षरात 'राब'. माझा शेरा मात्र कुठंही खोडला नव्हता. सगळ्यात खाली एक फॉर्म निघाला, कोरा. त्याला नकाशाचा एक तुकडा टाचणीनं लावलेला. आमची नदी, नदीचं वळण, वळणाच्या आत एक ठिपका. तारीख त्याच उन्हाळ्याची, मी स्कूटरवरून लोकांना काय जाळलं ते विचारत फिरत होतो त्याच पंधरवड्यातली. ठिपका आमच्या उसावर होता. तोडणी झाल्यावर दोन्ही वावरांचं पाचट मी स्वतः उभं राहून पेटवलं होतं, दुपारच्या वेळेला, आणि दोन्ही तालुके पालथे घालताना त्या एका ठिपक्याशी तेवढा गेलो नव्हतो. मला वाटलं होतं, इतक्या ठिपक्यांत कोणाच्या लक्षात येणार... कोऱ्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन शब्द होते, 'रंगा भरील.'

म्हणजे त्याला तेव्हापासून माहीत होतं. त्यानंतर तो आमच्या ओट्यावर किती वेळा बसला, जेवला, माझ्या वडिलांच्या दहाव्याला दिवसभर माझ्याबरोबर उभा राहिला. जवळ बसून विचारावं लागतं असं म्हणणाऱ्या माणसानं मला एकदाही विचारलं नाही. कागद ठेवून दिला आणि वाट बघितली, आणि मी त्याला वाट बघायला लावली ती शेवटपर्यंत.

काल शाळेतून आल्यावर ओट्यावर त्याच्या नेहमीच्या जागेशेजारी बसलो आणि तो फॉर्म भरायला घेतला. गाव, बोरी बुद्रुक. शेतमालकाचं नाव, माझं. 'काय जळत होतं?' या प्रश्नाखाली पाचटाच्या चौकटीत खूण केली. शेऱ्याच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. त्याला देखणं वाटलं होतं त्याच अक्षरात मी तिथं लिहिलं, 'शेतमालकही जळत होता. नाकारत नाही.'